मुक्कामाची पुस्तकं

आमच्या पलंगाखाली पत्र्याच्या तीन पेट्या आहेत आणि त्यांत कपडे नाहीत, पुस्तकं आहेत. पाहुणे वाकून पाहतात, मग माझ्याकडं पाहतात. मी मास्तर नव्हतो, कंडक्टर होतो. एवढी पुस्तकं कशापायी, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतो. काही जण विचारतातही. वाचायची आहेत, असं मी सांगतो. ते हसतात. हसोत बापडे.

ही पुस्तकं मुक्कामाची आहेत. मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे ज्यानं आडगावाहून सकाळची पहिली एसटी पकडली आहे त्याला सांगायला नको. संध्याकाळची शेवटची फेरी एखाद्या टोकाच्या गावी जाते, तिथंच थांबते, आणि सकाळी तीच पहिली गाडी म्हणून निघते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओट्यावर नाहीतर गाडीतच बाकड्यांवर पडतात. कोणाच्या तरी घरून भाकरी येते. चार माणसं गप्पा मारायला येतात, पण किती वेळ मारणार, त्यांनाही सकाळी वावरात जायचं असतं. मग उरतो आपण आणि देवळातल्या दिव्याचा थोडा उजेड. माझ्या जोडीचे ड्रायव्हर त्या उजेडात घोरायचे. मी वाचायचो.

मेहकर, चिखली, खामगाव, जालना, जिथं गाडी थांबेल तिथल्या स्टँडवरच्या टपरीत जे पुस्तक मिळेल ते घ्यायचो. रहस्यकथा, राजेरजवाडे, प्रेमाबिमाच्या कादंबऱ्या, मला कशाचं वावडं नव्हतं. कोणी लिहिलं यापेक्षा पुस्तक ड्यूटीच्या पिशवीत मावतं का, हे मी आधी पाहत असे. एका मुक्कामात जेवढं व्हायचं तेवढं व्हायचं. पुढं दुसरी ड्यूटी, दुसरं गाव, आणि दुसरं पुस्तक. धाड गावाकडच्या मुक्कामात उघडलेली गोष्ट सुलतानपूरच्या वाटेवर पुढं सरकायचीच नाही. जिथं थांबलो तिथं एक तिकीट खोचायचो आणि पुस्तक पेटीत टाकायचो. अशी सगळी नोकरी गेली.

घरी आलो की बायकोला तेवढी गोष्ट सांगायचो. ती ज्वारी पाखडत असायची किंवा माझ्या खाकी शर्टाचं बटण लावत असायची. तिचं शिक्षण चौथीत सुटलं, पुस्तकाच्या वाटेला ती कधी गेली नाही, पण गोष्ट ऐकण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. मी थांबलो की विचारायची, “मंग?”

“मंग काय, एवढंच झालं. बाकीचं रिटायर झाल्यावर वाचून सांगीन.”

तिनं मात्र गोष्ट सोडलेली नसायची. कितीतरी महिन्यांनी भाजी फोडणीला टाकता टाकता एकदम म्हणायची, “त्या दोघा भावाच्या हिरीचं काय झालं असन हो?” कोणते भाऊ, कोणती विहीर, मला काही आठवायचं नाही. तिला मात्र भावांच्या बायकांची भांडणंही पाठ असायची. माझ्या अर्ध्या गोष्टी तिच्या डोक्यात राहायला आल्या होत्या आणि तिथं त्यांचं बरं चाललं होतं.

रिटायर झालो आणि एकही पेटी उघडली नाही. सकाळी आंघोळ केली की स्टँडवर जायचो. तिथं आमच्यासारख्या उतरलेल्या लोकांचा एक बाकच आहे. कोणती गाडी लेट आली, कोणत्या गाडीचा आवाज बिघडलाय, नव्या पोरांना तिकिटाचं मशीन नीट धरता येतं का, ही सगळी देखरेख आम्ही फुकटात करतो. दुपारी घरी जेवायला, पुन्हा बाकावर. बायको एकदा म्हणाली, “ड्यूटी सुटली, पन तुमी नाई सुटले.” मी हसलो आणि गेलो.

मग एक दिवस दुपारी जेवायला आलो तर गल्लीच्या तोंडापर्यंत डाळ जळाल्याचा वास. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या आणि ही त्याच्याकडं पाठ करून निवांत भाजी निवडत बसलेली. मी मागून हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकली.

बुलडाण्याला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कानाच्या शिरा कमजोर होत चालल्याचं सांगितलं. मशीन लावा, थोडा फायदा होईल, पण आहे ते ऐकणंही हळूहळू जाईल, किती दिवसांत ते सांगता येत नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मेहकर मागं पडलं, सुलतानपूर आलं. सुलतानपूरला माणसं उतरली-चढली आणि गाडी हलल्यावर तिनं बाहेर पाहतच मला म्हटलं, “त्या गोष्टी सांगून टाका आता. राह्यलेल्या. ऐकू येते तवरीक.”

मला काय वाटलं ते सांगतो. एखाद्या बाईला तिकीट देऊन, पैसे घेऊन, मधल्याच रानात उतरवून द्यावं, तसं मला वाटलं. ही बाई अर्ध्या गोष्टी घेऊन मुकाट्यानं त्या शांततेत जाणार आणि पुढं काय झालं ते मी तिला कधीच सांगू शकणार नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेलो नाही. पहिली पेटी ओढली आणि झाकण उघडलं.

आमच्या लोणारात उन्हाळ्याच्या दुपारी काही हलत नाही. दुकानदार गल्ल्यावर डोकं टेकवतात. सरोवराच्या अंगानं खारट वास घेऊन वारा येतो, खालच्या झाडीत एखादा मोर ओरडतो, आणि पुन्हा सगळं गप्प. आम्ही मधल्या खोलीत बसायचो. ती भिंतीला टेकून, मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. मी समोर स्टुलावर. झळ नको म्हणून दार लोटलेलं, खोलीत उजेड एवढाच की मला अक्षर दिसावं.

पुस्तक उघडलं की तिकीट खाली पडायचं. त्यावरची शाई कधीच उडून गेलेली, पण हातात घेतलं की गाव बरोबर यायचं. होडी वल्हवणाऱ्या एका मुलीची गोष्ट होती, खाडीकाठची. मी खाडी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. ती गोष्ट मी त्या धाडच्या मुक्कामावर सुरू केली होती आणि त्या दिवशी बाजार असल्यामुळं गाडीत मिरच्यांची पोती होती. म्हणून त्या मुलीची होडी माझ्या डोक्यात मिरच्यांच्या पोत्यांमधून चालते. तिची वाट पाहणारा माणूस खाडीवर नाही, बाजारातल्या लिंबाखाली उभा असतो, आणि त्याला ठसका लागलेला असतो. एका राणीचा महाल मला सुलतानपूरच्या पुढच्या वळणावर दिसतो, तिथं पूर्वी नुसतं एक पिण्याच्या पाण्याचं टाकं होतं. वाचता वाचता मी कोणत्या गावात आहे, कोणत्या सालात आहे, मला कळेनासं व्हायचं. झोप नव्हे ती, पण जागेपणही नव्हे. चालत्या गाडीत उभ्या उभ्या डुलकी लागते आणि तरी हात दांडी सोडत नाही, तशातला प्रकार.

एकदा राजदरबार भरला होता. प्रधान काहीतरी कट सांगत होता. माझे डोळे मिटत होते आणि तोंड आपलं चालू होतं, आणि प्रधानाच्या बोलण्यातच मी मोठ्यानं म्हणालो, “पुढं सरका, पुढं जागा आहे.” भिंतीपलीकडून खो खो हसू आलं. मी दचकून डोळे उघडले, स्वतःच हसलो, आणि मग बायकोही हसली.

पलीकडं हसणारी आमची शेजारीण. तिला आम्ही भाभी म्हणतो. दिवसभर शिलाई मशीन चालवते, सलवार-कुडते शिवते. आमच्या दोघांच्या घरामधली भिंत वरून उघडी आहे, पत्र्यापर्यंत जात नाही. माझा आवाज मुळातच दणदणीत, भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत जाणारा. त्यात बायकोला ऐकू जावं म्हणून मी तो रोज चढवत होतो. वाचायला लागलो की भाभीचं मशीन थांबायचं. गोष्ट रंगात आल्यावर मी पाणी प्यायला उठलो तर पलीकडून आवाज यायचा, “दादा, आगे पढो ना, काम पडा है मेरा.” एक फुकटचा प्रवासी मिळाला होता, मला बरं वाटायचं.

गोष्टी एकेक करून संपायला लागल्या. संपलेल्या पुस्तकाचं तिकीट शेवटच्या पानात सरकवायचं आणि पुस्तक दारावरच्या फळीवर ठेवायचं, ही माझी पद्धत. फेरी पूर्ण झाल्यासारखं वाटायचं. बायकोला मात्र सगळे शेवट पटायचे असं नाही. विहिरीच्या गोष्टीत ते दोघे भाऊ शेवटी विहीर विकून शहरात निघून जातात. तिनं सूप खाली ठेवलं. “हे काई खरं नाई. मी तं भिंत पाडली होती.”

“कोणती भिंत?”

“हिरीतली. दोघाच्या वाटनीची. पानी चढलं आन् भिंत पडली. मंग काय भांडतीन? त्यानं घाईत लिव्हलं असन.”

खिरीत विष घालणाऱ्या माणसाच्या गोष्टीचंही तेच. इतकी वर्षं ही गोष्टीतल्या दीरावर संशय धरून होती आणि निघाला डॉक्टर. दोन दिवस ती त्या लेखकावर रागावलेली होती. डॉक्टरला काय घेणं होतं, काऊन मारीन तो, असं भांडी घासतानाही चालू होतं. मला हसू यायचं आणि आत कुठंतरी फार सुखही व्हायचं. आमचा संसारात जन्म गेला, पण अशी सलग बोलताना मी तिला पाहिलंच नव्हतं.

पावसाळा सरत आला तसा मी स्टूल पुढं ओढत गेलो. कानाचं मशीन तिला सोसत नव्हतं. ते शिट्ट्या मारतं, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, असं म्हणून तिनं ते डबीत ठेवलं होतं आणि दागिन्यासारखं लग्नाकार्यात तेवढं घालायची. मी ओरडून वाचायचो. घसा बसला की हळद-दूध प्यायचो आणि पुन्हा बसायचो. बाकावरचे दोस्त निरोप पाठवायचे, आजारी आहेस का बे? मी म्हणायचो, ड्यूटीवर आहे. मला घाई झाली होती. पहिली पेटी रिकामी, दुसरी रिकामी, तिसरीतलं एवढं उरलं. तिचे कान आणि माझ्या पेट्या, आधी काय सरतं याचीच धास्ती. ती समोर बसलेली असायची, सुपातला हात थांबलेला, डोळे माझ्याकडं. मी थांबलो की म्हणायची, “मंग?” त्या एका शब्दानं मला धीर यायचा. म्हणजे पोचतंय अजून.

दिवाळी गेली, थंडी पडली. दुपारचा उजेड मऊ झाला. तिसरी पेटी तळाला आली. संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. तळातलं एक पुस्तक मी काढलं, झटकलं, आणि तिकीट पडलं नाही. शोधलं तर ते शेवटच्या पानात होतं.

मला वाटलं, माझंच चुकलं, वाचलेलं पुस्तक चुकून पेटीत गेलं. खालचं काढलं. त्याचंही तिकीट शेवटी. त्याच्या खालचं तर विहिरीचं. मी उठून स्टूल दारापाशी नेलं आणि त्यावर चढून फळी पाहिली. पुढच्या रांगेत चार पुस्तकं ओळीनं उभी आणि मागं जुन्या चादरींची गाठोडी. बाकीची पुस्तकं गायब. म्हणजे मी वर फळी भरत होतो आणि कोणीतरी खाली पुन्हा पेटी भरत होतं. घरात आम्ही दोघंच.

माझं डोकं फिरलं. कबूल करतो, मी शीघ्रकोपी माणूस आहे. घसा फोडून, जिवाची घाई करून मी पेट्या रिकाम्या करतोय आणि ही माझी थट्टा करतेय की काय? मी स्टुलावरूनच म्हणालो, “हे तू केलं का? तुले काय हा खेळ वाटला?”

ती माझ्याकडं पाहत होती. “अं?”

“ही पुस्तकं. पेटीत. काऊन टाकली?” मी ओरडलो. पलीकडं भाभीचं मशीन थांबलं.

ती शांतपणे माझ्या तोंडाकडं पाहत राहिली, गोष्ट ऐकताना पाहायची तशीच. मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं आणि तिला समजलं. माझ्या बोलण्यातून नव्हे, पुस्तकावरून. मी खाली उतरलो. तिच्यापुढं बसलो आणि अगदी जवळून, पुस्तकाकडं आणि कानाकडं बोट दाखवून, नेहमीच्या आवाजात विचारलं, “तुले माह्यं वाचलेलं ऐकू येते का?”

तिनं मान हलवली. नाही.

“कवापासून?”

ओठ सावकाश हलवून पुन्हा विचारलं तेव्हा तिला प्रश्न कळला. “दसऱ्यापासून कमी कमी. दिवाळीपासून काईच नाई. रोजचं बोलनं अंदाजानं वळखतो.”

म्हणजे दिवाळीपासूनच्या सगळ्या गोष्टी, त्यांचे शेवट, एवढ्या सगळ्या दुपारी. मी हसलो की ती हसायची. भाभीचं हसू आधी यायचं आणि तिचं नंतर, हे मी रोज ऐकत होतो आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आणि ते “मंग”? मी थांबलो की म्हणायचं, एवढंच.

मला तिचा राग येत नव्हता आता. कोणाचाच येत नव्हता. नुसतं आतून रिकामं झाल्यासारखं वाटत होतं. जे पोचवायचं होतं ते वाटेतच सांडलं होतं आणि मी मात्र रोज पूर्ण फेरी लिहीत होतो. ऐकू येत नाही हे लपवलं कशाला, असं मी तिला विचारलं नाही, विचारून तिला ऐकूही गेलं नसतं. माझ्या तोंडावरून तिनं ओळखलं असावं. तिला स्वतःचा आवाज कळत नाही आता, म्हणून ती हल्ली जरा मोठ्यानं बोलते. मोठ्यानंच बोलली.

“हिरीची ऐकली, खिरीची ऐकली. लय झाल्या. बाकीच्या नाई ऐकल्या तं नाई.” मग सुपातली डाळ उगाच इकडून तिकडं केली. “तुमी जनमभर मुक्कामाले. आले, जेवले, झोपले, गेले. रिटायर झाले तं स्टँडवर. आता कुठं दुपारच्याले समोर बसता. तुमी वाचता तवा हासता, रागावता, भेव दाखोता. मी पाहतो. कवा पाह्यलं होतं मी तुमाले इतकं? पुस्तकं सरले तं पुन्हा जासान बाकावर. मनून टाकले पेटीत.”

एवढं बोलून ती थांबली आणि माझ्याकडं पाहू लागली. तिला भीती वाटत होती हे मला दिसलं. कान जाण्याची नव्हे. मी उठून चपला घालीन याची. सबंध संसारात हिला कशाची भीती वाटते हे मला माहीत नव्हतं, आणि ती भीती मीच निघालो. माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत. पाहायचंच आहे तर तेही पाहू दे.

मग मी विहिरीचं पुस्तक घेतलं, आणि या खेपेला तिकिटापासून नाही, पहिल्या पानापासून वाचायला लागलो. दोन ओळी झाल्या असतील, भिंतीवरून आवाज आला, “दादा, ये वाली तो हो गयी ना?”

“हाव भाभी,” मी म्हणालो, “झाली.”

मग मी उठलो, लोटलेलं दार सताड उघडलं, स्टूल उलट्या बाजूनं ठेवलं, म्हणजे उजेड पुस्तकावर नाही तर माझ्या तोंडावर पडेल, आणि पुढची ओळ वाचायला सुरुवात केली.